नुसतंच टक्

बिजगर्णीच्या हवालदार लुमाण्णा चोपड्यांची एकनळी,
बारा बोअर, दस्ता तेल पिऊन पिऊन
जुन्या पाटासारखा मऊ झालेला.
अठरा हजार मोजले. म्हणाले,
"तिनं मला कधी दगा दिला न्हाई."

परवान्यावर माझं नाव चढायला सात महिने गेले.
अर्ज कन्नडात, सही मराठीत,
मधे कारकुनाचा चष्मा, दोन्हीकडून सारखाच धुरकट.

रताळ्याच्या शेतात डुकरं उतरली
तेव्हा मी माळ्यावर.
मारायचं नव्हतंच कुणाला,
हवेत एक बार काढायचा, बस्स.
चाप ओढला. टक्.
काडतूस बदललं. टक्.
कुणी दारावर बोटाचं पेर वाजवावं
आणि आतून कुणीच येऊ नये, तसं.
डुकरांनी माना वर केल्या,
जरा वेळ माझ्याकडं बघितलं,
आणि पुढचा सरा उकरायला घेतला.

खडेबाजारच्या मागच्या बोळात विरुपाक्ष कम्मार.
त्यानं काडतुसाची टिकली भिंगाखाली धरली.
नखानं दाबावं एवढीच खूण.
मग बंदूक उघडून पिन काढली,
तळहातावर ठेवली, तांदळातला खडा ठेवावा तशी.
"झिजलेली नव्हे री ही. घासलेली.
कानशीनं. सवय नसलेल्या हातानं.
बघा, रेघा कशा तिरक्या गेल्यात."

बसमध्ये पूर्ण वाट मी शिव्या जुळवत होतो.
फौजेतला माणूस, आणि असा व्यवहार.
पाऊण पैसे परत. नाहीतर पोलीस.
नाहीतर, निदान, चारचौघांत एकदा.

ते कट्ट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते.
"बार होत न्हाई," मी म्हटलं.
त्यांनी मान हलवली,
जशी कुणी हवापाण्याची गोष्ट काढावी.
"माझ्याकडं बी एकदा असंच झालेलं," म्हणाले,
आणि पुढची शेंग घेतली.

जुळवलेलं सगळं तिथंच सांडलं, शेंगांच्या टरफलांत.

स्टॉपपर्यंत द्रौपदाक्का आल्या,
हातात परडी, जणू परसात निघाल्यात.
"थोरला गेला त्या साली हे रात्री उठून बसायचे.
बंदूक मांडीवर. दिवा न्हाई.
मी काय बोललो न्हाई. बोलून काय व्हतंय?
ते लेझीमच्या पोरांना शिकवायला जायचे दुपारचं,
तवा काढून घासलो.
विळ्याला धार लावतोय तसंच, खरं उलटं.
किती घासायचं कळंना,
म्हणून तीन दुपारी घासलो."

एसटी लांबून दिसली, वळणावर हरवली, पुन्हा दिसली.

"कशी काढायची ते कुणी दाखवलं?"
"त्यांनीच. लगीन झालेलं तवा. हौसेनं."

मग, परडीत बघत:
"एका रात्री ऐकलो मी. टक्.
मी अंथरुणातच व्हतो. उठलो न्हाई.
लई वेळानं ते आत आले, निजले.
सकाळी चहा मागितला."

मी पैशांचं काढलंच नाही.
त्यांनीही नाही. कमरेच्या पिशवीकडं गेलेला हात
मी बघितला नाही असं दाखवलं.

कम्मारनं नवी पिन बसवली, साडेतीनशे.
जुनी टाकू का, म्हणाला.
"बेकु," मी म्हटलं. माझं कन्नड तेवढंच.
काड्यापेटीत ठेवली आहे, परवान्याच्या वहीवर.
निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा होते तेव्हाही
ती घरीच असते.

परवा रात्री पहिला बार काढला.
खांदा दुखला. डुकरं वैजनाथाच्या अंगाला पळाली,
डोंगरानं आवाज उचलून दोनदा खाली टाकला.
बिजगर्णीपर्यंत जातो का तो, ठाऊक नाही.
वारा मात्र त्याच बाजूला होता.